मोहफुलं राखणारी गाडी

करवत अर्ध्यावर गेली तेव्हाच थांबायला हवं होतं, कारण बांबू हाताला फार गुळगुळीत लागत होता. पण मी पडलो विज्ञानाचा मास्तर. प्रयोग मधेच सोडू नये, हे पोरांना सांगून सांगून मलाच पाठ झालेलं. तुकडा खाली पडला आणि मग उजेड पडला, की छपरीच्या खांबाला टेकलेली ही आईची काठी होती.

मला हवा होता फक्त हातभर बांबू. गाडीवर उभा करून त्याला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायच्या होत्या, कोंबड्या भ्याव्यात म्हणून.

गाडी आईसाठीच होती. सालेकशाकडच्या आमच्या गावात चैत्र आला की अंगणाअंगणात मोहफुलं वाळत असतात, आणि ज्याच्याच्यानं दुसरं काही होत नाही त्याच्याकडे राखण येते. मागच्या पावसाळ्यात आई शेताच्या धुऱ्यावरून खाली धानाच्या बांधीत घसरली आणि तिचा खुबा मोडला. तेव्हापासून ती बाजेवर बसायची, ती लांब काठी आपटत कोंबड्या-शेळ्या हाकलायची आणि शिव्या द्यायची. एक शिवी कोंबडीला, एक सुनेला. दोघींपैकी कोणीच मनावर घेत नसे.

एकदा मला म्हणाली, "या कोंबड्याइनं त जीव खाल्ला बाबू. हात दुखून राहिला."

झालं. मास्तरला विषय मिळाला.

नवीन काही विकत घ्यायचं नाही, असं ठरवलं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत भाच्याला घेऊन दिलेली आणि त्यानं आठ दिवसांत मोडलेली खेळण्यातली गाडी होती; तिचा रिमोट आणि आतली सर्किटची पट्टी शाबूत होती. कोहमाऱ्याच्या भंगारवाल्याकडे ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी मिळाल्या. फवारणीच्या पंपाची बॅटरी काढली. लेकीच्या लहानपणच्या सायकलची चाकं माळ्यावर होती. नवीन घेतली ती फक्त डाग द्यायची सोल्डरची तार. पहिल्यांदा पुढचं बटण दाबलं तर गाडी मागे आली आणि माझ्याच नडगीवर आदळली. तारा उलट्या जोडल्या होत्या. बायको म्हणाली, "मास्तरलेच ओळखते वाटते." मी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

आईला बाजेवर बसवून तिच्या हातात रिमोट दिला. तिनं आधी गाडीकडे पाहिलं, मग गाडीवरच्या बांबूकडे.

"काऊन कापली गा?"

"आता काठी लागतच नाही, आई. हे बटण दाबलं की गाडी जाते, कोंबड्या पळतात."

"मंग मी काय करू?"

"तू आरामात बस ना."

तिनं बटण दाबलं. गाडी सरळ मोहफुलांत शिरली. ओली फुलं किती चिकट असतात, हे त्या गावात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागू नये. चाकांखाली ती चिरडली, चाकांना लगदा चिकटला, मोटरी कण्हल्या आणि गाडी मधोमध अडकली. पळालेल्या कोंबड्या परत आल्या आणि चाकांवरचीच फुलं टिपू लागल्या. बायको पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो.

आई हसली नाही. पाहुण्याची वस्तू ठेवावी तसा तिनं रिमोट बाजेवर हळूच ठेवला. "हे तुहं काम होय बाबू, तूच कर," म्हणाली आणि भिंत धरत आत गेली.

त्या घरात तिच्याकडे उरलेलं ते एकच काम होतं. हात दुखतो म्हणाली ती तक्रार नव्हती, हे मला पन्नाशीला टेकायच्या आधीच कळायला हवं होतं. मीही शाळेतून आलो की म्हणतोच, घसा बसला. म्हणून कोणी माझ्या जागी रेडिओ आणून ठेवला तर?

दुसऱ्या दिवशी नवा बांबू आणला, गाठी तासल्या, तेल लावलं. तिनं हात फिरवला. जुन्या काठीला मुठीपाशी तिच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. तो हिला कुठून असणार? "चांगली हाये," म्हणाली आणि कूस बदलली. काठी उभी आहे खांबाला.

सकाळची शाळा सुटली की मी बाजेवर बसून गाडी चालवतो, फुलांच्या कडेकडेनं. पहिल्या दिवशी कोंबड्या भ्याल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी एक कोंबडी गाडीच्याच सावलीला येऊन बसली, चिंध्यांखाली.

बायको सूप घेऊन फुलं पालटायला आली. कोंबडीला तिनं हाकललं नाही. आतल्या दाराकडे पाहत राहिली.

"तीन दिवस झाले जी," ती म्हणाली, "आईनं मले एक शिवी नाही देली."