केशवरावांचे मासे, उमाबाईंचं ताट

तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला असं समजा. समोर जुन्या जालन्यातल्या एका घराची गच्ची. कोवळं ऊन. मधोमध बाज, बाजेवर जुनं धोतर पसरलेलं, आणि धोतरावर लांबच लांब, जाडसर, मातकट रंगाची शेव वाळत पडलेली. शेजारी हातात काठी घेऊन उमाबाई बसलेल्या. चेहरा असा, की काठी कावळ्यांसाठी आहे का नवऱ्यासाठी, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही सांगता येऊ नये. पलीकडच्या गच्चीवर द्वारकाबाईंचा प्रवेश.

"काय वो उमाबाई, दिवाळीची शेव आत्ताच? श्रावण तर सरू द्या!"

"दिवाळीची कुठली! माशांची आहे."

"अगं बाई! बामनाच्या घरात मासे?"

"मासे नाहीत हो घरात. ते तिकडे अंबडच्या रस्त्याला, सरकारी टाक्यांत. त्यांचा स्वयंपाक तेवढा घरात."

द्वारकाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला, पण हसू काही अडलं नाही. "दुनियेत बाया मासे रांधत्यात. तुम्ही माशांना रांधून घालून राह्यल्या! नशीब लागतं बाई."

उमाबाईंनी काठी आपटली. एकही कावळा नव्हता तरी आपटली.

जालना नुकताच जिल्हा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. उमाबाईंचे यजमान केशवराव शेलगावकर धरणाच्या पायथ्याशी असलेल्या मत्स्य केंद्रावर संशोधक होते. पाळीव माशांनी काय खावं, किती खावं आणि कशानं ते आजारी पडतात, हा त्यांचा विषय. आयुष्यात त्यांनी मासा चाखला नव्हता. शेतीचं शिक्षण घेतलेला हा माणूस माशांकडे कसा वळला, असं कुणी विचारलं की ते चष्मा पुसत म्हणायचे, "गाय हंबरते, कुत्रं विव्हळतं. मासा काहीच सांगत नाही. त्याला काय होतंय ते कळून घ्यायचं तर त्याच्या ताटाकडे बघावं लागतं. ज्यानं घास टाकला, तो आजारी."

त्यांचा हट्ट एकच होता. माशांच्या खाद्यात सुकटीची पूड घालायची रीत. पण समुद्र कुठे, जालना कुठे! पूड येईपर्यंत महाग व्हायची आणि कुबट व्हायची. इथं तर तेलाच्या घाण्या गल्लोगल्ली, पेंडीचे ढीग पडलेले. मग रोहू आणि कटला हे मासे पेंडीवर का वाढू नयेत? भुईमुगाची पेंड किंवा सोयाबीनचं पीठ, भाताचा कोंडा, थोडी कणीक, असं मळायचं. पण नुसतं पीठ टाकलं तर पाण्यात विरघळून वाया जातं. त्याची घट्ट शेव हवी. केंद्रावर यंत्र नव्हतं. घरात सोऱ्या होता.

आणि इथंच नाटक सुरू झालं. कारण तो सोऱ्या साधा नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या अंगारकीला दोघं राजूरच्या गणपतीला गेले होते, तेव्हा दुकानातल्या सगळ्या पितळी भांड्यांतून केशवरावांनी स्वतः निवडून घेतलेला. बायकोसाठी आपल्या मनानं घेतलेली ती पहिली वस्तू. आणि त्यानंतर अशी दुसरी घेतली नव्हती. तोच सोऱ्या आता रोज माशांसाठी कुरकुरत होता.

बरं, सोऱ्या गेला तर गेला. पण केशवराव जेवायचे कसे? खाली मान घालून. आमटी आळणी झाली तरी चूप, पुरणपोळी लोण्यासारखी झाली तरी चूप. उमाबाईंच्या माहेरी भाऊ ताटावर बसला की घासागणिक दाद द्यायचा. इथं दाद नव्हती, तक्रारही नव्हती. रिकाम्या थिएटरात प्रयोग केल्यासारखी ती बाई दोन वेळा रांधत होती.

एकदा डबा विसरला म्हणून त्या स्वतः केंद्रावर गेल्या. बघतात तर नवरा टाकीच्या काठावर उकिडवा बसलेला. मूठभर शेव पाण्यात पडली, पाणी उसळलं, रुपेरी पाठी वर आल्या, आणि केशवरावांचा चेहरा असा उजळला, की अंतरपाट दूर झाल्यावरही तो तेवढा उजळला नव्हता.

जाळं ओढणारा कचरू शेजारी उभा होता. तीर्थपुरीचा गडी, जिभेला हाड नाही. "बाईसाहेब, साहेब आमच्याशी दिवसाला चार शब्द बोलतेत. पन हितं बसले की गुजगोष्टी सुरू! कालच्याला एका रोहूनं घास टाकला, तर साहेबांना जेवन गेलं न्हाई. डबा मीच खाल्ला."

"माझा डबा?"

"हाव. वांगं एकदम झकास झाल्तं."

उमाबाईंना जे वाटलं, त्याला सवतीमत्सर हेच नाव. सवत बाई असती तर तिच्या झिंज्या धरता आल्या असत्या. थंड रक्ताच्या, खवल्यांच्या, बिनबोलक्या सवतींचं काय करावं?

उमाबाईंनी ठरवलं, बघू तरी. त्या रात्रीपासून त्या आपल्या ताटात रोहूसारखा मुद्दाम घास टाकू लागल्या. आधी भाताचं एक ढेकूळ. मग अर्धी भाकरी. नवऱ्यासमोर ताट सरकवून, सुस्कारा सोडून उठायच्या. केशवराव आपलं जेवायचे. शेवटी एका रात्री त्यांनी मान वर केली, उमाबाईंच्या ताटाकडे नीट पाहिलं. उमाबाई उठता उठता थांबल्या.

"अगं, ही भाकरी टाकणार आहेस का?"

"हो," त्या अगदी क्षीण आवाजात म्हणाल्या.

"मग दे. वाळवून बघतो. खाद्यात ज्वारी कशी चालते ते तपासायचंच होतं."

त्या रात्री उमाबाईंच्या घरात भांडी फार वाजली.

दुसऱ्या दिवसापासून एक घडलं. शेव मुळातच दोन प्रकारची व्हायची: पांढऱ्या नाडीच्या पिशवीत भुईमुगाची, लाल नाडीच्या पिशवीत सोयाबीनची. दोन्ही वेगवेगळ्या टाक्यांत टाकून कशावरचे मासे जास्त वाढतात ते केशवराव बघत होते. सोयाबीनच्या पिठाला उग्र वास. उमाबाईंनी त्या पिठात मेथी भाजून घातली, चिमूट चिमूट हिंग आणि तळहातावर चोळून ओवा घातला. या हाताची चव नवऱ्याला नाही ना कळत, तर नाही. त्याच्या लाडक्यांना कळते का, ते तरी बघू!

आणि मंडळी, कळली. त्या संध्याकाळी केशवराव घरी आले ते चपला न काढताच स्वयंपाकघरात. "उमा! काय तुटून पडले आज! एक कण उरला नाही. वाहवा!"

बारा वर्षांच्या संसारात ती पहिली वाहवा. दुसऱ्यांच्या जेवणाबद्दल. उमाबाईंना हसावं का रडावं कळेना. त्यांनी कढीला फोडणी दिली. ती कढी केशवराव मुकाट्यानं प्यायले.

हंगामभर हे चाललं. लाल नाडीचे मासे गलेलठ्ठ झाले. सोयाबीन श्रेष्ठ, असा निष्कर्ष निघाला, आणि परभणीच्या परिषदेत तो वाचायचं ठरलं. पुण्याला खाद्याची नवी प्रयोगशाळा निघणार होती. निबंध गाजला तर तिथली प्रमुखाची जागा केशवरावांनाच, असं सगळे म्हणत होते.

निघायच्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून उंबऱ्यात उभे राहिले. उमाबाईंनी हातावर दही घातलं, आणि दह्याबरोबर तोंडून सगळं निघून गेलं. "अहो, ते सोयाबीनचं यश नाही. मी त्यात मेथी घालत होते. हिंग, ओवासुद्धा."

केशवरावांनी चष्मा काढून पुसला. "का?"

"मला तुमच्या माशांचा हेवा वाटतो म्हणून."

"माशांचा?" ते खरोखरच गोंधळले. मग त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. "किती घातलीस?"

"अंदाजानं."

"अंदाजानं म्हणजे किती ग्रॅम?"

"अंदाजानं म्हणजे अंदाजानं! हाताला कळतं."

त्यांनी बॅग खाली ठेवली, पिशवीतून छोटा तराजू काढला, मेथीचा डबा उघडला. उमाबाईंचा हात मनगटाशी धरून मूठ पारड्यात रिती करायला लावली. पुन्हा. पुन्हा. दर मुठीला वजन निराळं. इतक्या दिवसांनी नवऱ्यानं हात धरला होता, आणि तोही मेथीसाठी! डोळे भरून आले ते मेथीच्या उग्र वासानं, असं त्यांनी सांगितलं.

परिषदेत केशवरावांनी निबंध वाचला नाही. उभे राहून सरळ सांगितलं, की माझ्या प्रयोगात घरून फोडणी पडली, निष्कर्ष रद्द समजावा. सभागृह खदखदून हसलं. 'फोडणीवाले साहेब' हे नाव चिकटलं ते कायमचं. पुण्याची जागा दुसऱ्याला गेली. घरी मात्र त्यांनी शब्दानं विषय काढला नाही, आणि ते चूप बसणं उमाबाईंना शिव्यांपेक्षा लागलं.

पुढच्या वर्षी त्यांनी सगळा प्रयोग पुन्हा केला; मेथीसह आणि मेथीवाचून. वजनात काही फरक पडला नाही. सोयाबीन थोडं सरस, बस.

"म्हणजे माझ्या हाताला गुण नाही," उमाबाई फणकारल्या.

"वजन वाढलं नाही एवढंच. खाल्लं मात्र चवीनं."

तेवढ्या वाक्यावर त्यांनी कितीतरी दिवस काढले.

वर्षं गेली. एका ओल्या पावसाळ्यात तळ्यातळ्यांतून मासे सुजून मरू लागले. केशवरावांनी ते चिरून यकृतं पाहिली, आणि बुरशी धरलेली पेंड हे कारण शोधून काढलं. मग एसटीनं तीर्थपुरीपासून भोकरदनपर्यंत हिंडले; ज्याच्या त्याच्या कोठारात हात घालून पेंड हुंगायची, "ही उकिरड्यावर टाक बाबा" म्हणून हात जोडायचे. लोक ऐकू लागले. ते त्यांचं खरं काम. उमाबाई मनात म्हणायच्या, माशांच्या काळजापर्यंत पोचले, इथं कधी येणार?

नव्वद सालानंतर केंद्रावर शेव पाडायचं यंत्र आलं. सोऱ्या घरी परतला. उमाबाईंनी तो चिंचेनं घासून लखलखीत केला, फळीवर ठेवला, आणि त्यांना वाटलं, आता आपली एवढीही गरज उरली नाही. मग काही दिवस त्यांनी त्या यंत्राचाही हेवा केला.

दोन हजार तीनला केशवराव निवृत्त झाले. हेवासुद्धा म्हातारा होतो. जेवताना दादेसाठी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं उमाबाई कधी विसरल्या, त्यांनाच कळलं नाही. एका दुपारी कचरू आला. आता त्याचंच शेततळं होतं. पानं मांडली. शेंगाची चटणी, भाकरी, मेथीची भाजी.

"साहेब, तुम्ही जल्दी चला. मासे वर येऊन तोंड उघडून राह्यले. चार तर सकाळीच मेल्ते."

केशवरावांचे डोळे चमकले. हात थांबला. "पाण्याचा रंग कसा आहे? खाद्य कधी टाकलंस? पेंड कुठली?"

उमाबाईंना दोन दिवस बरं वाटत नव्हतं. कुणाला सांगण्याजोगं नव्हतं. त्यांनी उगाच चतकोर मोडला, उरलेली भाकरी ताटाच्या कडेला सारली आणि पाण्याचा पेला उचलला. कसलीही परीक्षा घ्यायची नव्हती.

"पेंड घान्यावरचीच हाय, पन साहेब, टाकलेलं खाद्य तसंच तरंगून..."

"थांब, कचरू."

"साहेब, मासे मरून राह्यले वो!"

केशवरावांनी डाव्या हातानं चष्मा नाकावर वर सारला. टाकीच्या काठावर बसायचे तसे पुढे वाकले आणि उमाबाईंच्या ताटाकडे बघत राहिले. मग तोंडाकडे. मग पुन्हा ताटाकडे.

"उमा, तू भाकरी टाकलीस. कालही टाकली होतीस. काय होतंय तुला?"