मामाजींचे मासे कूलरमध्ये

माशांना उन्हाळा सोसत नसणार, असं वाटून मी त्यांच्या पाण्यात बर्फ टाकला.

हेतू अगदी शुद्ध होता! नागपूरचा मे महिना, भर दुपार, आणि खिडकीतलं ऊन थेट काचेच्या पेटीवर. मासे तोंड उघडून धापा टाकत होते. (मासे बाराही महिने तोंड उघडतात, हे मला नंतर कळलं.) मी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फाचा भलामोठा तुकडा आणला आणि पेटीत सोडला. तो समोरच्या तापलेल्या काचेला टेकला मात्र... कट्ट! काचेवर खालपासून वरपर्यंत चीर, आणि चिरेतून धार!

पेटी माझी असती तर मी लपवाछपवी तरी केली असती. पेटी होती मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. जंगलखात्यात हयात घालवलेला हा दणकट माणूस छातीच्या दुखण्यातून नुकताच उठून आमच्याकडे राहायला आला होता. डॉक्टर म्हणाले, मन शांत ठेवा. म्हणून माझ्या बायकोनं, कुसुमनं, त्यांना मासे आणून दिले. तेव्हापासून मामाजी दिवसभर पेटीसमोर खुर्ची टाकून बसत. एकेका माशाला नाव! त्या दिवशी ते कामठीला लग्नाला गेले होते, म्हणून तर मला ही सेवा सुचली.

मी चिरेवर अंगाचा साबण घासू लागलो. तेवढ्यात कुसुम आली.

"अहो, हे काय करून राहिले तुमी?"

"गळती थांबवतोय."

"साबणानं? मासोळ्यायले आंघोळ घालता काय? सरका!"

पुढची पाच मिनिटं ही बाई आगीच्या बंबासारखी चालली. चहाच्या गाळणीनं एकेक मासा उचलून बादलीत घेतला. बादली लहान पडली, तशी तिची नजर कूलरकडे गेली. खाली टबभर गार पाणी! मासे कूलरमध्ये गेले आणि असे काही खुशीत फिरू लागले, की मलाही आत उतरावंसं वाटलं.

"कूलरची पिन तेवढी काढून ठेवा," ती म्हणाली.

मी लगेच काढली. (रेडिओची.)

मग तिनं कूलरच्या पत्र्याला लावून उरलेलं डांबर स्टोव्हवर पातळ केलं. चिरेवर आतून दुसरी काच बसवायची, असा बेत. काच कुठून आणणार? तिनं भिंतीवरून माझा पदवीचा काळा डगला घातलेला फोटो उतरवला.

"अगं, माझा फोटो!"

"फोटो कुठं जाऊन राहिला? मले काच पायजे."

काच बरोब्बर बसली. नाकावर डांबराचा ठिपका, पदर खोचलेला, तोंडात खिळा (खिळ्याचं काम काय होतं, ते विचारायची माझी छाती झाली नाही). लग्नातसुद्धा ती मला एवढी सुंदर दिसली नव्हती! मला काम मिळालं ते डांबर घट्ट होईपर्यंत काच दाबून धरण्याचं. ते मी इतकं मन लावून केलं, की डांबराबरोबर माझा अंगठाही घट्ट झाला.

"हलू नका, रॉकेल घेऊन येतो," म्हणत कुसुम मागच्या अंगणात गेली. (आमच्याकडे बायकाही 'येतो' म्हणतात.) आणि पुढच्या दारातून मामाजी आत आले.

जावई जमिनीवर बसलेला, रिकाम्या पेटीत खांद्यापर्यंत हात!

"जवाईबापू, काय शोधून राहिले? अन् मासोळ्या कुठं गेल्या?"

उन्हानं लाल झालेल्या मामाजींनी उत्तराची वाट न पाहता कूलरचं बटण दाबलं आणि समोर बसले.

"मामाजी, नको!" मी ओरडलो. उठायला गेलो, तर पेटीही माझ्याबरोबर उठू लागली!

कूलर घरघरला, खसखसला, पाण्याचा एक सपकारा बाहेर आला आणि त्याबरोबर एक इवलासा मासा थेट मामाजींच्या धोतरावर! माझ्या डोळ्यांसमोर डॉक्टर, तार, सगळे नातेवाईक उभे राहिले.

मामाजींनी चष्मा नीट केला. वाकून पाहिलं.

"अरे, ही तर चमेली! इकडून काहून आली गा ही?"

कुसुम धावत आली. एका हातानं कूलर बंद, दुसऱ्या हातानं चमेली वाटीत, आणि तोंडानं सरळ खरं ते. "बाबा, पेटीची काच तडकली. यायनं बर्फ टाकला होता. बाकीच्या मासोळ्या कूलरमंदी आहेत, समद्या बऱ्या आहेत."

मामाजींचे खांदे हलू लागले. मी घाबरून "डॉक्टर!" म्हणणार, तोच ते गडगडाट करून हसले. दुखण्यानंतर असं हसणं आम्ही ऐकलं नव्हतं. कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बर्फ टाकला?" ते डोळे पुसत म्हणाले. "लिंबू पिळायचं राहिलं न, जवाईबापू!"

रॉकेलनं माझा अंगठा सुटला आणि दुसऱ्या दिवशी पेटी भरली. थेंब गळला नाही! मामाजी येईल त्याला पोरीची कारागिरी दाखवू लागले. कुसुमची कीर्ती साऱ्या गल्लीत पसरली. महिन्याभरात शेजारचे वानखेडे धावत आले.

"वहिनी आहेत काय? आमच्या पेटीले चीर पडली. वहिनींना जरा पाठवता?"

मी लगेच बाह्या सरसावल्या. "चला, मीही येतो मदतीला!"

वानखेडे दारातच आडवे आले.

"तुमी बसा न भाऊ," ते हात जोडून म्हणाले, "आमच्या मासोळ्या अजून जित्या आहेत!"