धारेच्या वेळची कॅसेट

दौलतनानांच्या कॅसेटमधली वीतभर फीत मी ब्लेडने कापून फेकून दिली. दुरुस्ती म्हणून.

पाथर्डीजवळच्या वाडीवर मी शाळामास्तर म्हणून गेलो, तेव्हा नाना आणि काकू माझे शेजारी. पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या गोठ्यातून विलायती रॉक ऐकू आलं आणि मी अनवाणीच धावलो. नाना सुंदरी म्हशीखाली बसून धार काढत होते आणि या मोबाईलच्या जमान्यात खुंटीवरच्या टेपमध्ये एका ब्रिटिश बँडचा जुना अल्बम गरजत होता. नगरच्या छावणीतल्या एका साहेबाने बदलीच्या वेळी टेप त्यांना दिला होता. कॅसेट आतच राहिलेली. "अख्ख्या बाजूला एकच गानं!" नाना कौतुकाने सांगत. "निम्मी बाजू सरली तरी गडी गायला येत न्हाई. पान खायला जातो वाटतं."

फीत एका जागी चुरगळली होती. तिथे गिटार भोवळ आल्यासारखी रडायची. कॉलेजात असल्या अल्बमांची पारायणं केलेला मी, मला हे कसं सोसावं? एका रविवारी नाना बाजाराला गेल्याचं बघून मी कॅसेट उघडली, चुरगळलेला भाग कापला, टोकं चिकटवली. तुकडा कोंबडीने पळवला.

संध्याकाळी गिटार काय स्वच्छ वाजली! सुंदरीने बादलीला लाथ घातली.

"सर, हिचं रेडकू मेलंय," नाना म्हणाले. "तुमचा गोरा त्या जागंला रेडकावानी रेकायचा. तवा कुठं ही पान्हा सोडायची."

कास तटतटून दगड झाली होती. दूध अडलं तर कास सुजणार, म्हैस आटणार. नाना तिच्या पाठीवर नुसता हात फिरवत राहिले. शेवटी मीच खाली बसलो आणि तो रडका सूर तोंडाने काढला. सुंदरीने कान टवकारले. आणखी केविलवाणा काढला. बादलीत धार वाजली.

"आता रोज यायचं सर," नाना म्हणाले. "गोऱ्यापरीस तुमी बरे. लगीच सुरू करता."

मी रोज जाऊ लागलो. वाडीवरची पोरं कुंपणापलीकडून दाद द्यायची.

थंडीत नानांना नगरच्या दवाखान्यात हलवलं. मी भेटायला गेलो, ती शेवटचीच भेट ठरली. त्यांनी खुणेने जवळ बोलावलं. आता हा माणूस काहीतरी आतलं बोलणार, म्हणून मला हुंदकाच फुटला.

नानांनी खिडकीतलं उतरतं ऊन पाहिलं. "सर, इथं रेकू नका. तुमची काकू बादली घेऊन बसली असंल. तिकडं जाऊन रेका."