गाळलेला ‘नाही’

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून नाही — ऐकणारा माझ्याकडे कसा पाहील ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून. तुम्हीही तसंच पाहा. हरकत नाही.

मी इंग्रजीचा मास्तर. नागपुरात, एका बऱ्यापैकी शाळेत. या एका गोष्टीचा मला किती माज होता, काय सांगू? बायको काटोलकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. तिचं ‘मले-तुले’ ऐकलं की चारचौघांत माझे कान तापायचे. मी स्वतः उमरेडच्या कोष्ट्याचं पोर — घरी आई तसंच बोलायची — पण ते विसरायला मला बीएची पदवी पुरली होती.

आमचा मुलगा दिवस भरायच्या आधीच झाला. त्याला इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलं. मूठभर जीव, नाकात नळी. बायको बाहेर व्हरांड्यात बसून राही, वाटीत दूध काढून नर्सकडे देई आणि पेटीकडे न बघताच परत येई. माझी आई डिंकाचे लाडू करून पाठवी, ते डब्यातच राहत. आधी वाटलं, थकली असेल. मग वाटलं, नखरे. हो, नखरे — हाच शब्द.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, दक्षिणेकडच्या. ज्यांची लेकरं पेटीत आहेत त्या बायांना एकेकीला समोर बसवून त्या बोलतं करत. गोळी नाही, सुई नाही — नुसतं बोलणं! शिक्षकांच्या खोलीत मी त्याची टवाळी केली. म्हटलं, बोलून दुखणं जात असतं तर बर्डीच्या बाजारातल्या पानठेल्यावर आजारी माणूस उरला नसता. सगळे खदखदून हसले. मला बरं वाटलं.

बाईंना मराठी येत नव्हती, हिंदी तुटकी. मग दुभाष्या कोण? मी. केवढा खूश होतो मी त्या दिवशी! इस्त्रीचा सदरा घालून गेलो. बायकोसाठी? छे. इंग्रजी बोलायला मिळणार म्हणून.

बाईंनी विचारलं, बाळाकडे पाहून काय वाटतं? बायकोने पदराचं टोक पिळलं. मग खाली बघत म्हणाली, “त्या लेकरावर माहा जीव लागूनच नाही राहिला. मले त्याचं भेव वाटते. कोन्या दुसरीचंच लेकरू तिथं ठेवलं, असं वाटते.”

कधी नव्हे ते बोलली — सगळं बोलली. आता पाळी माझी.

तुम्हाला वाटेल, मला शब्द सापडले नाहीत. सापडले होते. जिभेवर तयार होते. पण ही डॉक्टरीणबाई काय म्हणेल? मास्तरची बायको, आणि अशी? मी सांगितलं — हिचा बाळावर फार जीव आहे, त्याला काही होईल म्हणून भिते. बस. एक ‘नाही’ गाळला, भीती दुसरीकडे वळवली, उरलेलं गिळलं. व्याकरण मात्र अचूक होतं.

बाई हसल्या. बायकोचा खांदा थोपटला. मला म्हणाल्या, ही चांगली आई आहे, हिला माझी गरज नाही. आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

व्हरांड्यात आल्यावर बायकोने विचारलं, “ते हासली काहून जी? असं ऐकून कोनी हासते काय? काय सांगतलं तुम्ही तिले?”

“तू बोलली तेच.”

ती म्हणाली, “बरं.”

काय समजली असेल ती? नवरा खोटं बोलतो, हे? की आपलं एवढं मोठं सांगितलं तरी जग हसतं, हे? यातलं तिने कोणतं धरलं, मी कधी विचारलं नाही. मला कोणतंच सोयीचं नव्हतं.

त्यानंतर ती स्वतःविषयी बोलली नाही. मुलगा घरी आला. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, आजारपणं काढली — कशात काही कमी नाही. फक्त मांडीवर घेतलं की नजर भिंतीकडे. शेजारी म्हणत, मास्तर, नशीबवान आहा, बाई किती शांत! मी मान डोलवायचो. मान डोलवायला इंग्रजी लागत नाही.

मुलगा आता कॉलेजात जातो. परवा जेवताना त्याची आई पाणी आणायला आत गेली, तेव्हा त्याने हळूच विचारलं, “बाबा, आई माझ्याशी बोलत काहून नाही? माझं काही चुकलं काय?”

उत्तर माझ्याकडे होतं. एकट्या माझ्याकडेच होतं.

म्हणालो, “तिचा जीव आहे रे तुझ्यावर. बोलत नाही, एवढंच.”

या वेळी ‘नाही’ गाळला नाही. फक्त दुसऱ्या जागी ठेवला.

आत माठातून पाणी काढण्याचा आवाज थांबला होता. जरा वेळाने ती बाहेर आली. आधी त्याच्या पेल्यात पाणी ओतलं, मग तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि आत निघून गेली.