पायाबरोबर आलेली बाई

"सतरा नंबरचा पाय आत आणा!"

पडद्याआडून डॉक्टरांचा आवाज आला आणि बाहेरच्या बाकावरून लगेच उत्तर गेलं, "पायाबरोबर मी बी येते, चालंल न्हवं?"

सगळा बाक हसला. मी मान खाली घालून लिहीत राहिले. इंदापूरच्या एका शाळेत पोलिओ झालेल्यांची मोफत तपासणी चालली होती. वडिलांची बारामतीला नुकतीच बदली झालेली. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी घरात रिकामी आहे म्हटल्यावर शिबिरवाल्यांनी मला इंग्रजी फॉर्म भरायला बसवलं होतं. मलाही ते सोयीचं होतं. लिहायचं असलं की बोलावं लागत नाही.

सतरा नंबर म्हणजे सांगवीच्या मालनताई. वय पस्तिशीचं, उजवा हात मांडीवर दाबून झोकात चालणं. हाताने फिरवायचं शिलाई मशीन बसता येईल तिथे मांडून परकर शिवायच्या. त्या दिवशी त्यांच्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट मंजूर झाला. काम झालं होतं. तरी पुढच्या शिबिराला त्या हजर, सोबत एसटीतून आणलेल्या दोन बाया.

शिबिरात ज्या पायाचं ऑपरेशन ठरायचं, त्यावर शाईने नंबर घालत; ऑपरेशनं मग बारामतीच्या दवाखान्यात व्हायची. मालनताई पदराचं टोक ओलं करून तो नंबर पुसायच्या आणि विचारायच्या, "नाव काय तुझं?" एकदा त्यांनी सकाळभरात सगळेच पुसून टाकले. डॉक्टर कडाडले. मालनताईंनी भिंतीला टेकून नावं सांगायला सुरुवात केली. कोण, कुठल्या गावचं, कुठला पाय. एकतीस जण, एका दमात. मी रजिस्टरवर बोट फिरवत होते आणि माझं बोट मागे पडत होतं. एक चूक नाही! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत.

"आमच्या आबाची दोनशे मेंढरं हुती," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "येकीला बी नंबर न्हवता. तोंड बघून हाक मारायचा. ही तर माणसं हायती, डाक्टर."

डॉक्टर वाईट नव्हते. सुट्टीचा दिवस मोडून पुण्याहून यायचे, दिवसभर उभे राहायचे. पण शिबिराचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे रावसाहेब म्हणत, ते वैतागले. "फुकट करतोय आपण. वर ज्याला त्याला नाव विचारा, परवानगी विचारा, हे हिचं कसलं?"

परवानगीचा कागद माझ्याच हातात असायचा. 'मला सर्व काही माझ्या भाषेत समजावून सांगितले आहे,' असं त्यात इंग्रजीत छापलेलं होतं. खाली अंगठा. मी एकदा हळूच त्याचा अर्थ मालनताईंना सांगितला. त्या माझ्याकडे वळल्या.

"आगं, मग तुला सगळं ठावं हाय की! इंग्रजी साळंत बोलाया शिकवत न्हाईत व्हय?"

दोन वर्षं आम्ही शेजारी बसलो, दोन वर्षं त्यांनी मला हेच विचारलं. मालनताई आता नाहीत. पण तो प्रश्न कानात आहे, आणि बारामतीच्या दवाखान्यातला फेब्रुवारीचा तो दिवसही.

त्या दिवशी रावसाहेबांनी त्यांना फाटकाबाहेर बसवलं होतं. आत कन्हेरीची तेरा वर्षांची मुलगी हिरव्या झग्यात स्ट्रेचरवर होती. पायावर ठळक बावीस. बापाचा अंगठा झाला होता. मी विचारलं नव्हतं, तरी ती माझ्या कानाशी कुजबुजली, "ताई, प्लास्टर किती दिस?"

"दीड महिना."

"मग माजी सातवीची परीक्षा?" तिचे डोळे भरले. "आबा म्हनत्यात, परत डाक्टर यायचं न्हाईत."

डॉक्टर पुन्हा सहा महिन्यांनी येणार होते. तारीख माझ्याच रजिस्टरात होती. वॉर्डबॉयने स्ट्रेचर पुढे ढकललं. खिडकीतून फाटक दिसत होतं. मालनताई दगडावर बसून थेट माझ्याकडे बघत होत्या. मी पेन खाली ठेवलं. मी पदर घेत नसे. ओढणीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि मुलीच्या पायावरचा बावीस पुसायला लागले. शाई पसरली.

"अहो, हे काय करताय?" डॉक्टर म्हणाले.

आणि मी बोलले. इतक्या मोठ्याने, की फाटकापर्यंत गेलं असावं.

"सर, हिचं नाव अलका आहे. हिला परीक्षेनंतर ऑपरेशन हवंय, आणि आपण कुणीच हिला विचारलेलं नाही."