गावानं पोरीसाठी दिलेलं रक्त

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या अंगात रोगाशी लढणारी कुमकच तयार होत नाही. हा आजार दुर्मिळ आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला राग आला होता. दुर्मिळ म्हटलं की लोक नवलानं बघतात, आणि आमच्या पोरीला तर चौथ्यांदा न्यूमोनिया झाला होता. तिला दर महिन्याला सलाईनमधून एक औषध द्यावं लागतं. ते माणसांच्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या पिवळसर पाण्यापासून बनतं, आणि त्यासाठी हजारो अनोळखी माणसांचा प्लाझ्मा एकत्र करावा लागतो.

गेल्या उन्हाळ्यात औरंगाबादच्या एका दवाखान्यात मिळणारं ते औषध येईनासं झालं. एक महिना चुकला. दुसऱ्या महिन्यात तिला खोकला लागला, तेव्हा माझा मोठा भाऊ म्हणाला, "मानसाच्या रगतातूनच होते ना थे? मंग तू काऊन हातपाय गाळून राह्यला बे? गावात मानसं का कमी हायेत?"

आमचं गाव जानेफळच्या बाजूला. इथं शेती सावडीनं चालते. आज तू माझ्या वावरात ये, उद्या मी तुझ्या वावरात येतो. दिलेलं परत मिळतं, यावर गावाचा देवापेक्षा जास्त भरवसा. भावानं शाळेत रक्तदानाचं शिबिर ठेवलं आणि बाहेरगावच्या एका रक्तपेढीची गाडी बोलावली. हा माझा भाऊ साध्या इंजेक्शनला पळ काढतो, पण त्या दिवशी पहिला आडवा तोच झाला. एकेचाळीस जणांनी रक्त दिलं. प्रत्येकाला रक्तदात्याचं कार्ड मिळालं, आणि प्रत्येकानं ते माझ्या हातात आणून दिलं. मला सगळ्यांसमोर रडू आलं.

ती कार्डं घेऊन मी औरंगाबाद गाठलं आणि औषधांच्या खिडकीवर गठ्ठा ठेवला. खुळा मीच. हे औषध कसं बनतं ते डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं होतं. तरी गावानं दिलंय म्हटल्यावर दवाखाना बाटली काढून देईल, असं मला खरंच वाटलं होतं.

खिडकीतल्या बाईंनी कार्डं चाळली. "दादा, यावर रक्ताची पिशवी मिळेल. हे औषध कारखान्यातून येतं."

"मग आमच्या लोकांचा प्लाझ्मा गेला कुठं?"

त्या म्हणाल्या की, तो लगेच वेगळा करून गोठवावा लागतो. त्या रक्तपेढीत तशी सोय नसेल, तर तो रक्तातच राहिला. आणि सगळीकडूनच प्लाझ्मा कमी गोळा होतोय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मला कळत होतं. तरी मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांचा काहीच दोष नव्हता. गावाचं रक्त कुणाच्या ना कुणाच्या कामी आलंच असेल, पण त्यात समाधान मानण्याइतकं मोठं मन त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं.

परतलो तेव्हा भाऊ फाट्यावरच उभा होता. "भेटलं काय?" मी "हाव" म्हणालो. त्याच्या हातावरची सुईची जागा अजून काळीनिळी होती, दुसरं काही तोंडातून निघेना. घरी बायकोला मात्र खरं सांगितलं. मुलगी जवळच बसली होती, तिनं सगळं ऐकलं.

तिसऱ्या महिन्यातही औषध आलं नाही. तिच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग कायमचा निकामी झालाय, आता औषध मिळालं तरी तो सुधारणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी गावात कुणाला हे सांगितलं नाही.

परवा भाऊ घरी आला आणि तिला जवळ घेऊन म्हणाला, "आमचं रगत मानवलं ना वं बाई तुले?"

"हाव, मोठेबाबा. लई बरं वाटते आता," ती म्हणाली आणि खोकला बाहेर पडू नये म्हणून तिनं पाठ फिरवून तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. हे खोटं तिला आम्ही कुणी शिकवलं नव्हतं.