छतावरच्या तुटक रेघा

माझ्या डहाणूच्या घराची वरची खोली एकाने भाड्याने घेतली होती. त्याच्याकडे कोणी यायचं नाही. दिवसभर कॉम्प्युटरवर मोठ्या इमारतींचे नकाशे काढायचा. चहा दिला की साय धरेपर्यंत नुसता बघत बसायचा, मग एका दमात प्यायचा. बोलणं "तसं नाही, काका" इथूनच सुरू.

एकदा पडद्यावर तुटक रेघा बघून मी म्हटलं, "शाई संपली काय रे?"

"तसं नाही, काका. हा एसीच्या हवेचा डक्ट. खोट्या छताच्या वर झाकलेला असतो, म्हणून तुटक दाखवायचा." त्याने पडद्याच्या कडेच्या यादीतली एक खूण काढली, रेघा गेल्या. परत लावली, आल्या.

"दिसत नाही तर काढतोस कशाला?"

"नाही दाखवला, तर मिस्त्री नेमकं तिथेच भोक पाडतो."

मी चौथी नापास, पण हरलो नाही. "आमचा मिस्त्री आधी ठोकून बघतो," म्हटलं. तो हसला.

कंपनीने त्याला वापीला बोलावलं. निघताना त्याने माझ्याच घराचा नकाशा हातात ठेवला. फरशीखालचा पाण्याचा पाइप मी स्वतः टाकलेला, कधीतरी बोलता बोलता त्याला सांगितलेला. तोही तुटक रेघेने दाखवला होता.

"तुमच्यानंतर राहील त्याला कळायला हवं ना, काका."

"माझ्यानंतर राहणार कोण? पोरगा सुरतेहून दिवाळीलाही येत नाही."

त्याने बॅग उचलली नाही. मी 'तू राहा' म्हणेन म्हणून थांबला असेल. पण मी कोणाला विनवत नाही. "रिक्षा आलीय," एवढंच बोललो.

हाक मारली, ती रिक्षा वळून गेल्यावर.